दुरुस्ती कोण करणार?

‘आधी भाकर की आधी दुर्बीण’ या प्रश्नावरचा वाद मी सहसा ऐकायला थांबत नाही. दोन्ही बाजूंची वाक्यं पाठ झालेली असतात. सेवाग्रामच्या या दोघांचं बोलणं मात्र शेवटपर्यंत ऐकलं, कारण त्यात तो प्रश्न एकदाही आला नाही.

मोठेबाबांचा उभा जन्म खादीच्या कामात गेला. ऐंशी पार केली तरी रोज सकाळी सूत काततात. घर गांधीजींच्या आश्रमापासून हाकेच्या अंतरावर. पुतणी भौतिकशास्त्र शिकायला मुंबईला गेली ती तिकडेच राहिली. अतिथंड उपकरणांवर काम करते. सुट्टीत घरी आली की मोठेबाबांशी दोन हात केल्याशिवाय तिला करमत नाही. या वेळी विषय होता जेम्स वेब, म्हणजे 25 डिसेंबर 2021 ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून उडालेली, सोन्याचा मुलामा दिलेल्या 18 आरशांची अवरक्त दुर्बीण. बोलणं मी थोडं कापून-जोडून लिहिलं आहे. मोठेबाबांची वऱ्हाडी बरीचशी धुऊन निघाली, त्याचा बोल माझ्यावर.

मोठेबाबा : मला एकच सांग. ते यंत्र बिघडलं तर दुरुस्त कोण करते?

पुतणी : कोणी नाही.

मोठेबाबा : कोणीच नाही?

पुतणी : पंधरा लाख किलोमीटरवर आहे ती. चंद्राच्या जवळपास चौपट लांब. हबल दुर्बीण सहाशे किलोमीटरच्या आसपास फिरत होती म्हणून 1993 मध्ये अंतराळवीर गेले आणि तिची नजर सुधारून आले. वेबकडे जायची सोय नाही. घडी घालून पाठवलेली दुर्बीण वाटेत उलगडायची होती, आणि त्यात 344 जागा अशा होत्या की एकही अडकली असती तर सगळंच मुसळ केरात.

मोठेबाबा : आणि खर्च?

पुतणी : सुमारे 10 अब्ज डॉलर. नव्वदच्या दशकात बेत आखला तेव्हा अब्जभरात होईल आणि 2007 ला उडेल असं म्हणत होते.

मोठेबाबा : दहापट पैसा, चौदा वर्षं उशीर आणि वर दुरुस्ती नाही. बाप्पा! आता माझं ऐक. 1929 मध्ये चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. तेव्हाचे एक लाख. अटी ठाऊक आहेत? खेड्यातल्या झोपडीत हातानं किंवा पायानं चालला पाहिजे. बाईला आठ तास न थकता चालवता आला पाहिजे. त्या आठ तासांत 12 ते 20 नंबरचं 16,000 फूट सूत निघालं पाहिजे. किंमत 150 रुपयांच्या वर नको. नीट निगा राखली तर 20 वर्षं चालला पाहिजे. आणि झिजलेले भाग बदलायला वर्षाला किमतीच्या 5 टक्क्यांहून जास्त लागता कामा नये.

पुतणी : आणि बक्षीस कोणाला मिळालं?

मोठेबाबा : कोणालाच नाही.

पुतणी : मग?

मोठेबाबा : मग काय? कसोटीला कोणी उतरलं नाही म्हणून अट खोटी होते काय?

इथं मोठेबाबांच्या पारड्यात माझं एक माप. त्या जाहीरनाम्याकडे आपण खादीच्या इतिहासातली गमतीची नोंद म्हणून पाहतो, पण यंत्र बनवण्याआधी त्याची कसोटी लिहिणारा तो सरळसोट तांत्रिक दस्तऐवज आहे. वेग, किंमत, आयुष्य, देखभाल, वापरणाऱ्याचा थकवा, सगळं आकड्यांत. वापरणाऱ्याचा थकवा मोजणारी निविदा आजही सहसा दिसत नाही.

पुतणी : वीस वर्षांची अट तर वेब पाळेल, मोठेबाबा. एरियन-5 रॉकेटनं इतकं नेमकं नेऊन सोडलं की वाट सुधारायला ठेवलेलं इंधन वाचलं. वीस वर्षांहून जास्त पुरेल असा हिशेब आहे.

मोठेबाबा : एक अट पाळली. शंभरात सोळा मार्क. पण इतक्या लांब काहून पाठवली? तारे तर इथूनही दिसतात.

पुतणी : तारे दिसतात, ऊब दिसत नाही. तुमचा हात, ही भिंत, वरची कौलं, सगळं अवरक्त किरण सोडतं. आपल्या अंगाच्या तापमानाला त्यांचा जोर साधारण 10 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास असतो. म्हणजे दुर्बिणीचा आरसा, नळी, वरची हवा सगळं त्याच प्रकाशात झळाळत असतं. डीजेच्या गाडीवर बसून पवनारचं भजन ऐकायचं, असा तो प्रकार. शिवाय हवेतली वाफ या किरणांचा मोठा भाग गिळून टाकते. म्हणून हवेच्या वर जायचं आणि दुर्बीणच थंड करायची.

मोठेबाबा : हे कळलं कधी माणसाला?

पुतणी : 1800 मध्ये. विल्यम हर्शेलनं लोलकातून ऊन पाडलं आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथं डोळ्याला काही दिसत नव्हतं, तिथं थर्मामीटर ठेवला. पारा चढला. पण अवकाशातली पहिली मोठी अवरक्त दुर्बीण जायला 1983 उजाडलं. आयरास तिचं नाव. अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटननं मिळून केलेली. आरसा 57 सेंटिमीटरचा. द्रव हेलियमच्या टाकीत बसवून पाठवली. दहा महिन्यांत हेलियम उडून गेलं आणि काम संपलं. तेवढ्यात तिनं जवळजवळ सगळं आभाळ चाळून घेतलं होतं. मग 2003 ची स्पिट्झर, तिचं हेलियम 2009 ला संपलं. हर्शेलच्या नावाची दुर्बीण 2009 ला गेली, 2013 ला तिचंही संपलं.

मोठेबाबा : म्हणजे थंडावा संपला की दुर्बीण बरीचशी बाद.

पुतणी : म्हणून तर वेबमध्ये वेगळं केलं. साडेसहा मीटरचा आरसा टाकीत कोंडायचाच नाही, सावलीत ठेवायचा. टेनिसच्या मैदानाएवढा पाच पदरी पडदा. उन्हाकडचा पदर 0.05 मिलिमीटर जाड, बाकीचे त्याच्या निम्मे. दोन पदरांत मोकळी जागा. पदर गरम झाला तर त्याची उष्णता पुढच्या पदरात जाण्याऐवजी फटीतून बाजूला, रिकाम्या अवकाशात निघून जाते. उन्हाच्या बाजूला 85 अंश, आरशाच्या बाजूला उणे 233. पंखा नाही, बर्फ नाही, वीज नाही. तुमच्या बापूकुटीचंच तत्त्व आहे हे. ऊन आत येऊ द्यायचं नाही, आलेलं बाहेर काढायचं.

मोठेबाबा : कुटीची स्तुती करून मला गार करू नको. इथं घर बांधायला बापूंनी पाचशे रुपयांची मर्यादा घातली होती आणि माल जवळपासचाच हवा असं सांगितलं होतं. माती इथली, बांबू इथला, कौल इथलं. पावसाळ्यात भिंत धसली तर गावातलाच माणूस येऊन लिंपतो. तुझ्या पाच पदरांना भोक पडलं तर?

पुतणी : पडतात. बारीक उल्का लागतातच. एका ठिकाणी फाटलं तर चीर सगळ्या पडद्यात पसरत जाऊ नये म्हणून जागोजागी जोड देऊन तो सांधला आहे.

मोठेबाबा : सांधला आहे? कोणी, बायांनी?

पुतणी : कारागिरांनी. त्यात बायाही होत्या. पण कारागिरीचं बोलायचं तर दुसरीही बाजू सांगते. 2018 मध्ये जमिनीवर चाचणी चालली होती. उड्डाणाच्या वेळी रॉकेटचा आवाज किती हादरवतो ते बघायला दुर्बिणीला तसाच आवाज ऐकवतात. चाचणी झाली आणि पडद्याच्या आवरणाचे स्क्रू आणि वॉशर गळून पडलेले सापडले. नट पुरते आवळले नव्हते.

मोठेबाबा हसले नाहीत. मला वाटलं होतं, आता हसतील. त्यांनी उलट समजुतीनं मान हलवली आणि सांगितलं की नवशिका माणूस चातीची बेअरिंग नेहमी जास्त आवळतो किंवा कमी, नेमकी आवळायला वर्ष जातं. त्यांच्या पेटीचरख्याची माळ त्या सकाळीच तुटली होती. स्वतः कातलेलं सूत त्यांनी चौपदरी केलं, पीळ दिला, मेण लावलं आणि दोन चाकांवर नवी माळ चढवली. हाताला सवय असल्यानं बोलणं थांबलं नाही. ती सैल आहे की घट्ट, हे त्यांनी बोटानं माळ छेडून आवाजावरून ठरवलं.

पुतणी : तो चरखा येरवड्याचाच ना?

मोठेबाबा : येरवडा चक्र. 1930 सालच्या तुरुंगवासात बापू त्याच्यामागे लागले होते. मोठ्या चाकाचा उभा चरखा प्रवासाला नेता येत नाही, म्हणून दोन लहान चाकं आडवी करून पेटीत बसवली. मोठं चाक लहान चाकाला फिरवते, लहान चातीला. वेग तेवढाच, जागा पावपट.

पुतणी : आणि त्याच येरवड्यात 1932 साली बापू दुर्बिणीतून तारे बघत होते. हे तुम्ही सोयीनं विसरता.

मोठेबाबा : विसरत नाही. काकासाहेब कालेलकरांनी त्यांना तो नाद लावला. आश्रमाला पत्रं लिहून आकाश बघा म्हणून सांगितलं त्यांनी. पण दुर्बीण आली ती लेडी ठाकरसींकडून. उसनी. आपलं यंत्र, आपली वेधशाळा, आपला तारा, असं काही नाही.

पुतणी : मग हेही उसनंच समजा. वेबनं घेतलेली माहिती काही काळानं सगळ्या जगाला खुली होते. पुण्याच्या एनसीआरए या खगोल संस्थेत राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी तीच माहिती चाळली आणि 2025 मध्ये एक दीर्घिका दाखवून दिली. नीट दोन भुजांची सर्पिल. तिचा प्रकाश सुमारे बारा अब्ज वर्षं वाटेत होता. विश्व तेव्हा दीड अब्ज वर्षांचं. इतक्या लवकर इतकी घडीव दीर्घिका असेल असं कोणी धरलं नव्हतं. त्यांनी तिला अलकनंदा नाव दिलं. गणेशखिंडीत बसून, एक पैसा न देता.

मोठेबाबा : फुकट मिळालं ते स्वस्त होतं असं नाही, बेटा. चरखा संघाच्या कसोटीत आणखी एक गोष्ट आहे, लिहिलेली नाही पण आहे. ज्याच्या हातात यंत्र, त्याला ते थांबवता आलं पाहिजे. मी हात उचलला की चरखा थांबतो. तुझी दुर्बीण कोण थांबवणार होतं?

पुतणी : थांबवायला निघाले होते. 2011 मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीनं वेब रद्द करा असा प्रस्ताव आणला.

मोठेबाबा : मग?

पुतणी : वाचली. शास्त्रज्ञ धावले, शाळकरी मुलांनी पत्रं लिहिली. आणि खरं सांगायचं तर तोवर तीनेक अब्ज डॉलर खर्च झाले होते.

मोठेबाबा : हां. हे खरं बोललीस. पैसा गेला म्हणून आणखी पैसा. आमच्या जिल्ह्यातल्या अर्धवट कालव्यांचं असंच असते.

पुतणी : कालवा अर्धवट राहिला. वेब पूर्ण झाली.

मोठेबाबा : बरं. मग एक विचारतो, राग मानू नको. हा थंडीत बघणारा डोळा पहिल्यांदा कोणी बनवला? ज्योतिष्यांनी?

पुतणी पहिल्यांदाच गप्प झाली. मग तिनं जे सांगितलं ते अवरक्त खगोलशास्त्राच्या कौतुकाच्या लेखांत सहसा पहिल्या पानावर नसतं. उष्णता टिपणाऱ्या शोधकांवर सगळ्यात जास्त पैसा लष्करांनी लावला. विमानाच्या इंजिनची ऊब पकडून त्याच्यामागे जाणारं क्षेपणास्त्र, रात्री शत्रूचा रणगाडा दाखवणारी दुर्बीण, रॉकेटचं उड्डाण टिपणारा उपग्रह. पारा, कॅडमियम आणि टेल्युरियमच्या मिश्रणाचे शोधक-पट आज वेबमध्ये बसले आहेत, त्यांची वाढ त्याच पैशावर झाली. खगोलशास्त्राला ते हातात मिळायला ऐंशीचं दशक उजाडलं.

मोठेबाबा : म्हणजे मूळ पुलगावचंच.

पुतणी : मोठेबाबा, हे बरोबर नाही. पुलगावला लष्कर बॉम्ब ठेवतं.

मोठेबाबा : आणि सेवाग्रामला चरखे. एकच जिल्हा, एकच कलेक्टर. मी कोणाला नावं ठेवून राहिलो नाही, मूळ कुठलं ते विचारून राहिलो. 30-31 मे 2016 च्या रात्री पुलगावच्या डेपोत आग लागली, माणसं गेली, तेव्हा आम्ही इथं जागेच होतो.

पुतणी : मूळ कुठलं हे विचारायचं तर तुमचा टेलिफोनही बघा. आश्रमात जपून ठेवलाय ना? व्हाइसरॉयनं बसवलेला. ज्या साम्राज्याशी भांडण, त्याच साम्राज्याची तार झोपडीपर्यंत आली होती. बापूंनी ती कापून टाकली का?

मोठेबाबा : कापली नाही.

पुतणी : वापरली.

मोठेबाबा : वापरली. पण ती तार इथं यावी अशी गरज दिल्लीची होती. आम्ही मागितली नव्हती.

पुतणी : आणि विनोबा? पवनारला बसून विज्ञानाची बाजू कोणी घेतली?

मोठेबाबा : विनोबा विज्ञान आणि अध्यात्म म्हणाले. विज्ञान आणि डॉलर नाही म्हणाले.

या टप्प्यावर वाद शिळा होऊ लागला होता. दोघांकडे आपापल्या पूर्वजांची यादी होती, आणि यादीतली नावं एकमेकांवर टाकण्यात रात्र गेली असती. ते टळलं ते पुतणीमुळे. तिनं वेबचा नाद सोडला आणि आपल्याच देशातल्या एका दुर्बिणीचं बोलणं काढलं. माझ्या मते हे तिनं आधीच करायला हवं होतं. आपल्याकडे वेबची छायाचित्रं वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतात, आणि ही दुर्बीण चार दशकांत कुठल्याच पानावर फारशी आलेली नाही.

पुतणी : एक दुर्बीण खाली येते, मोठेबाबा. वर जाते, बघते, परत येते. दुरुस्त करून पुन्हा पाठवतात.

मोठेबाबा : कोणाची?

पुतणी : आपली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची. एक मीटर आरशाची. हैदराबादला त्यांचं बलून केंद्र आहे, 1969 पासूनचं. पॉलिथीनच्या पातळ पापुद्र्याचे बलून तिथंच बनवतात, हायड्रोजन भरतात आणि दुर्बीण खाली टांगून रात्री सोडतात. हिवाळ्यात किंवा उन्हाळा लागता लागता, जेव्हा वारा शांत असतो. तीसेक किलोमीटरवर जाते. नव्व्याण्णव टक्के हवा तिच्या खाली राहते, वाफ तर जवळजवळ सगळीच. काही तास बघते. मग खालून आज्ञा गेली की दोर सुटतो आणि पॅराशूट उघडून दुर्बीण कुणाच्या तरी शेतात उतरते.

मोठेबाबा : काय बघते?

पुतणी : तारे जन्मतात ते ढग. धुळीनं भरलेले असतात, डोळ्याच्या दुर्बिणीला काळे दिसतात. आतल्या ताऱ्यानं ती धूळ जराशी ऊबदार केलेली असते. जराशी म्हणजे उणे सव्वादोनशे-अडीचशे अंश. तेवढी ऊब 150 किंवा 210 मायक्रॉनला दिसते. नव्वदच्या दशकात स्वर्णकांती घोष, रेंगराजन, वर्मा या लोकांनी त्यासाठी 12 बोलोमीटर बसवले. बोलोमीटर म्हणजे उष्णता लागली की ज्याचा विद्युतरोध बदलतो असा इवलासा तुकडा. तो 0.3 केल्विनला ठेवायचा. निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचा तिसरा हिस्सा. बलूनच्या खाली लोंबकळत.

मोठेबाबा : आणि आरसा? तोही इतका थंड?

पुतणी : नाही, तीच मेख आहे. आरसा उघडाच, वरच्या हवेइतकाच. त्याची स्वतःची झळाळी ताऱ्याच्या ढगापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून एक युक्ती. समोर एक छोटा दुय्यम आरसा असतो. तो सेकंदाला दहा वेळा इकडून तिकडे हलतो. एकदा ढगाकडे, एकदा शेजारच्या मोकळ्या आभाळाकडे. पुन्हा ढग, पुन्हा आभाळ. दोन्हींत आरशाची ऊब सारखीच असते, ती वजा होते. उरतो तो ढग.

मोठेबाबांनी इथं कातणं थांबवलं. त्यांनी दोन बोटं समोर धरून आरसा किती हलत असेल ते विचारलं. तिनं सांगितलं की आभाळातलं ते अंतर पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढं. मग त्यांनी विचारलं की सेकंदाला दहा वेळा हलणारी वस्तू बलूनखाली टांगल्यावर सगळी दुर्बीणच डुलत नाही काय. हा अभियंत्याचा प्रश्न होता, आणि पुतणीच्या चेहऱ्यावर ते उमटलं.

पुतणी : डुलू नये म्हणून उलट्या दिशेला तेवढंच वजन हलवायचं. आणि दुर्बीण कुठं बघतेय हे ताऱ्यावरून ठरवणारा वेगळा डोळा असतो. 1999 पासून जपानी शास्त्रज्ञांचा वर्णपटमापक तिला लावतात. तो 158 मायक्रॉनची एकच रेषा बघतो. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनची.

मोठेबाबा : एवढ्या मोठ्या आभाळात एकच रेषा?

पुतणी : कारण ढगाला तारा व्हायचा तर आधी थंड व्हावं लागतं. गरम वायू आकुंचन पावत नाही. आणि त्या वायूची उष्णता बाहेर टाकण्याची मोठी वाट हीच रेषा आहे. ती कुठं किती, हे मोजलं की ढग कुठं निवतोय ते कळतं.

मोठेबाबा : ही दुर्बीण किती वर्षं चालून राहिली?

पुतणी : आरसा आणि सांगाडा ऐंशीच्या दशकापासूनचा. मधल्या काळात कितीतरी भाग बदलले.

मोठेबाबा : आणि शेतात उतरल्यावर?

पुतणी : तेलंगण, कर्नाटक, महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांना आधी कळवतात. पेटीवर चिठ्ठी असते. उघडू नका, पोलिसांना किंवा या पत्त्यावर कळवा, बक्षीस मिळेल, कळवण्याचा खर्च मिळेल. सेवाग्राम हैदराबादच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे, साडेतीनशे किलोमीटरवर. वरचे वारे बहुतेक पूर्व-पश्चिम वाहतात म्हणून तुमच्या वाट्याला येत नाही एवढंच.

मोठेबाबा : बक्षीस पेटी न उघडल्याचं. तूर तुडवली गेली त्याचं?

पुतणी : तेही लिहायला हवं.

मोठेबाबा : लिहायला हवं.

बाजूला एक गोष्ट सांगतो, कारण ती विदर्भाचीच आहे. 2 एप्रिल 2022 च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला आभाळातून धातूचं कडं पडलं, माणसाहून मोठं. ते चिनी रॉकेटचं असावं असा निष्कर्ष निघाला. त्यावर ना चिठ्ठी, ना पत्ता, ना पाठवणाऱ्यांपैकी कोणी न्यायला आलं. त्याच वर्षी डिसेंबरात विकाराबादजवळ शेतात गोल डबा उतरला, तोही लोकांना परग्रहावरचा वाटला. तो हैदराबादहून सोडलेल्या बलूनखालचा होता आणि त्याची माणसं शोधत आली. आभाळातून काय पडलं यापेक्षा ते न्यायला कोणी आलं की नाही, यावरून मी तरी त्या देशाची आणि त्या संस्थेची पारख करीन.

मोठेबाबा : ही तुझी दुर्बीण मला पटते. पण मग दहा अब्जांची कशाला? हीच मोठी करा.

पुतणी : इथं तुम्ही चुकता. बलूनवरून अलकनंदा कधीही दिसली नसती. आरसा गरम आहे, वर थोडी हवा उरलीच आहे, आणि वेळ एक रात्र. आपल्याच आकाशगंगेतले ठळक ढग एवढीच तिची धाव. वजाबाकी करून आरशाची ऊब काढता येते, पण त्या ऊबेचा थरथराट उरतोच, आणि त्याच्याखाली जे असतं ते कायमचं दडतं. तिथं दुरुस्ती कामाची नाही. थंडीच लागते, आणि ती वरच मिळते.

मोठेबाबा : म्हणजे दुरुस्त होणारी दुर्बीण जवळचं बघते आणि न होणारी लांबचं.

पुतणी : आजघडीला, हो.

मोठेबाबा : आणि आपली वर राहणारी?

पुतणी : आयर्सिस. टाटा संस्थेतच आखलेली. 30 सेंटिमीटरची दुर्बीण, 1.7 ते 6.4 मायक्रॉनचे वर्णपट घेणारी, छोट्या उपग्रहावर बसेल अशी. प्रयोगशाळेतला नमुना करून झाला. उपग्रहावर मात्र चढलेली नाही.

मोठेबाबा : काहून?

पुतणी : रांग आहे. आणि थंड ठेवायचं हीच अडचण. बलूनवर हेलियम एका रात्रीपुरतं भरलं की झालं. आपण हेलियमही जवळजवळ सगळं बाहेरून आणतो.

मोठेबाबा : कापूस इथला आणि पेळू विलायतेचा! शंभर वर्षं झाली बेटा, आम्ही हेच सांगून राहिलो.

पुतणी : म्हणून हेलियम न उडवणारी यंत्रं करायची. वेबवर एक उपकरण आहे, मिरी. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या कल्याणी सुखात्मे नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेत त्याच्या कामात होत्या. ते 7 केल्विनच्या खाली लागतं. त्यासाठी बंद नळीत तेच हेलियम दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. संपत नाही. पण त्याला वीज लागते आणि यंत्र जड.

मोठेबाबा : जड म्हणजे किती? हलकं करता येईल का ते सांग.

पुतणी : हलकं केलं की दाबणाऱ्या पंपाचे हादरे वाढतात. आणि हादरा शोधकापर्यंत गेला की सगळी मोजणी वाया.

मोठेबाबा : मग पंप आणि शोधक लांब ठेवा. मध्ये काही मऊ जोड द्या.

पुतणी : वेबमध्ये तसंच केलंय. पंप खाली, उपकरण वर, मध्ये कित्येक मीटर नळी. पण तेवढी लांबी तीस सेंटिमीटरच्या दुर्बिणीला कुठून आणायची?

मोठेबाबा : कागद आण. काढून दाखव मला, नळी कुठून कुठं जाते.